दादर, माहीम, परळ, गिरगावात घर घेताना: आधी हक्क कुठला ते तपासा

पोटमाळा (धागालेखन)

मुंबई शहर भागात, म्हणजे माहीम आणि शीवच्या दक्षिणेला, घर घेणं हा उपनगरात घर घेण्यापेक्षा वेगळा व्यवहार आहे. ठाण्याला किंवा बोरिवलीला लोक आधी प्रकल्प पाहतात, मग कागद. इथे उलट करावं लागतं. एकाच गल्लीत चार इमारती चार प्रकारच्या हक्कांवर उभ्या असतात: एक मालकी हक्काची सहकारी सोसायटी, एक पागडीची चाळ, एक पालिकेच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवरची इमारत आणि एक पुनर्विकासातला नवा टॉवर. चारही ठिकाणी दलाल "दोन बेडरूम, स्टेशनपासून पाच मिनिटं" एवढंच सांगतो. किंमत, कर्ज, मुद्रांक शुल्क आणि पुढची वीस वर्षं कशी जाणार, हे मात्र त्या हक्कावर ठरतं.

म्हणून हा धागा. जाणकारांनी आपापल्या क्षेत्रातली नेमकी माहिती लिहावी. "आमच्या मामांचं असं झालं" टाळलं तर धागा पुढेही कामाला येईल.

सुरुवात पागडीपासून करतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत.

पागडीत तुम्ही घर विकत घेत नाही, भाडेकरूचा हक्क घेता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे आणि त्याच्या कलम ५६ ने पागडीची रक्कम (भाडेहक्कासाठी दिलेली एकरकमी किंमत) घेणं-देणं कायदेशीर केलं. पण घरमालकाच्या संमतीशिवाय हक्क हस्तांतरित करता येत नाही. त्यामुळे व्यवहार तिघांचा असतो: जुना भाडेकरू, नवा भाडेकरू आणि मालक. मालकाचा वाटा प्रथेने या रकमेच्या साधारण एक तृतीयांशाच्या आसपास असतो. कायद्यात असा आकडा नाही, म्हणून वाटाघाट तिथेच होते. मालकाचा वाटा किती आणि तो कोणाच्या खिशातून जाणार, हे टोकन देण्याआधी तिघांच्या सह्यांनी लिहून घ्या.

भाडेपावती नव्या नावाने निघाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, हे कलम ५५ सांगतं. "आमच्याकडे पावतीवरच चालतं" म्हणणाऱ्या मालकाला हे कलम दाखवा.

---

इंडेक्स२

चांगला धागा. पागडीत आणखी एक पाहायलाच हवं: विकणारा खरंच भाडेकरू आहे का. पावती वडिलांच्या नावावर आणि वडील वारलेले, असं फार वेळा असतं. भाडेहक्क मृत्युपत्राने देता येत नाही. भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत तिथे राहणाऱ्या कुटुंबीयाकडे तो हक्क जातो. त्यामुळे पुण्यात स्थायिक झालेला भाऊ मृत्युपत्र दाखवून खोली विकत असेल आणि बहीण तिथे राहत असेल, तर पैसे भावाला आणि दावा बहिणीचा, अशी अवस्था होते. शिधापत्रिका, मतदारयादी, वीजबिल यांवरून कोण राहत होतं ते पडताळा. मग पावती आधी वारसाच्या नावावर करून घ्या, त्यानंतरच तुमचा व्यवहार.

बँका पागडीच्या खोलीवर सहसा गृहकर्ज देत नाहीत, कारण गहाण ठेवायला मालकी नसते. पागडीची खोली स्वस्त वाटते याचं मोठं कारण हेच आहे, पूर्ण रक्कम रोख उभी करावी लागते. इथे "रोख" म्हणजे स्वतःच्या खिशातून, बँकेमार्फत. नोटांच्या बंडलांतून दिलेली पागडी पुढे पुनर्विकासाच्या किंवा वादाच्या वेळी सिद्ध करता येत नाही.

---

चाफा_गिरगाव

प्रश्न. गिरगावात १८० चौ. फुटांची खोली पागडीने घेतली आणि पुढे इमारत पुनर्विकासात गेली, तर ३०० चौ. फुटांचं मालकीचं घर मिळतं ना? बरेच जण त्याच हिशोबाने घेत आहेत.

---

पोटमाळा

मिळू शकतं. पण तीन गोष्टी जुळल्या तर.

पहिली, इमारत उपकरप्राप्त हवी. म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे उपकर भरणाऱ्या इमारतींचे तीन वर्ग आहेत: १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या 'अ' वर्गात, तिथपासून ३१ डिसेंबर १९५० पर्यंतच्या 'ब' आणि नंतर ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या 'क' वर्गात. वर्ग कोणता ते पालिकेच्या मालमत्ता कराच्या बिलावरून आणि मंडळाच्या विभागीय कार्यालयातून कळतं. विकास नियंत्रण नियमावली २०३४ च्या ३३(७) खाली अशा इमारतीतल्या निवासी भाडेकरूला किमान ३०० चौ. फूट चटईक्षेत्र (भिंतींच्या आतली वापरायची जागा) मिळतं. मूळ जागा मोठी असेल तर तेवढंच, पण कमाल १२० चौ. मीटर.

दुसरी, त्या खोलीचा भाडेकरूहक्क १३ जून १९९६ च्या आधीचा असला पाहिजे. त्या तारखेनंतर नव्याने निर्माण केलेल्या भाडेकरारांना वेगळं घर मिळत नाही. इथे खूप लोक फसतात. दोन भावांनी २००५ साली खोलीत भिंत घातली, दोन वीजमीटर घेतले, दोन पावत्या करून घेतल्या. आता एक भाऊ आपली "स्वतंत्र" ९० फुटांची खोली विकतो. मंडळाच्या यादीत ते दोन्ही मिळून एकच घर धरलं जाईल. म्हणून मंडळाने प्रमाणित केलेल्या भाडेकरू यादीत त्या खोलीचा क्रमांक आणि क्षेत्रफळ पाहिल्याशिवाय व्यवहार करू नका. हक्क जुना असून नंतर कायदेशीर हस्तांतर झालं असेल तर अडचण नसते, पण तारखांची साखळी सलग दाखवता यायला हवी.

तिसरी, प्रकल्प उभा राहिला पाहिजे. ५१ टक्के भाडेकरूंची संमती मिळाली म्हणजे इमारत उभी राहिली असं होत नाही. छोटा भूखंड, समोर अरुंद गल्ली, वर भाडेकरू दाटीवाटीने, अशा जागी विक्रीसाठी उरणारं क्षेत्र इतकं कमी असतं की विकासकाचं गणित बसत नाही. ३३(७) खाली एका भूखंडाला ३ चटईक्षेत्र निर्देशांक (म्हणजे भूखंडाच्या तिप्पट बांधकाम), किंवा पुनर्वसनाला लागणारं क्षेत्र अधिक त्याच्या ५० टक्के, यांपैकी जे जास्त ते मिळतं. दोन ते पाच भूखंड एकत्र आले तर ६० टक्के आणि सहा किंवा जास्त असतील तर ७० टक्के प्रोत्साहन. एकट्या चाळीपेक्षा शेजारच्या दोन-तीन चाळी एकत्र जात असतील तर शक्यता जास्त, हे यामुळेच.

---

लोखंडी_जिना

१०० पट भाडं भरून भाडेकरू मालक होतात असंही ऐकलं आहे. मग मालकाचा वाटा द्यायचाच कशाला?

---

इंडेक्स२

म्हाडा कायद्यात १९८६ साली आठ-अ हे प्रकरण घातलं, त्यात ती तरतूद आहे. ७० टक्के रहिवासी सोसायटी करून अर्ज करतील तर मंडळ जागा संपादित करून त्यांना देऊ शकतं, मासिक भाड्याच्या १०० पट रकमेवर. घरमालकांच्या संघटनेने त्याला आव्हान दिलं. तेच प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठापर्यंत गेलं आणि ५ नोव्हेंबर २०२४ ला निकाल आला की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही आपोआप समाजाची भौतिक साधनसंपत्ती (जी सार्वजनिक हितासाठी वाटता येते) ठरत नाही. घर घेताना या तरतुदीवर एक रुपयाचाही हिशोब बांधू नका. मालकाची संमती घ्या आणि त्याचा वाटा द्या.

---

लोखंडी_जिना

समजलं, आभार. मग जुन्या सोसायटीतली मालकीची सदनिका घेऊन पुनर्विकासाची वाट पाहणं जास्त सुरक्षित ना? हल्ली सगळे "७९अ झालं आहे, लवकरच काम सुरू" सांगतात.

---

गच्चीवरचा

"७९अ झालं" म्हणणाऱ्याला आधी विचारा, कुठलं ७९अ? या नावाची दोन कलमं आहेत आणि दलाल ती सर्रास मिसळतात.

एक सहकारी संस्था अधिनियमातलं. त्याखाली ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने सोसायटीच्या पुनर्विकासाची कार्यपद्धती दिली आहे: विशेष सर्वसाधारण सभा, दोन तृतीयांश गणपूर्ती, एकूण सदस्यांच्या किमान ५१ टक्के संमती, निबंधकाचा प्रतिनिधी हजर, चित्रीकरण. दुसरं म्हाडा कायद्यातलं, धोकादायक उपकरप्राप्त इमारतींसाठीचं. तिथे मंडळ आधी मालकाला सहा महिन्यांची मुदत देतं, त्याने काही केलं नाही तर भाडेकरूंच्या नियोजित सोसायटीला सहा महिने, आणि तेही नाही झालं तर म्हाडा संपादनाकडे वळू शकतं. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही.

सोसायटीच्या बाबतीत "झालं" या शब्दाला सात-आठ पायऱ्या आहेत. वास्तुविशारदाचा व्यवहार्यता अहवाल झाला? निविदा निघाली? विकासक निवडला? विकासकरार नोंदला गेला? की कायमस्वरूपी पर्यायी जागेचा वैयक्तिक करारही झाला? किंमत प्रत्येक पायरीला वाढते, आणि विक्रेते पहिल्या पायरीवर असताना शेवटच्या पायरीची किंमत सांगतात. सभेच्या इतिवृत्ताची प्रत मागा. विकासकरार नोंदलेला असेल तर इंडेक्स दोन (नोंदणी झालेल्या कराराचा सरकारी गोषवारा) ऑनलाइन दिसतो.

वाढीव क्षेत्र किती मिळेल याचे आकडेही तपासून घ्या. तीस वर्षं झालेल्या सोसायटीला ३३(७)(ब) खाली प्रत्येक सदनिकेमागे १० चौ. मीटर किंवा अस्तित्वातल्या बांधकामाच्या १५ टक्के, यांपैकी जास्त ते प्रोत्साहन मिळतं. बाकी वाढ भूखंडाचा आकार, रस्त्याची रुंदी आणि जमिनीचा प्रकार यांवर आहे. हिंदू कॉलनीतल्या शेजाऱ्याला ४५ टक्के मिळाले म्हणून तुम्हालाही मिळतील असं नाही. त्याचा रस्ता रुंद असेल.

---

इंडेक्स२

जमिनीच्या प्रकाराचा विषय निघालाच आहे तर तपासणीचा क्रम लिहितो.

शहर भागात सातबारा शोधत बसू नका. इथे मिळकत पत्रिका असते आणि जमिनीला सी.एस. क्रमांक (शहराच्या भूमापनातला क्रमांक) असतो, त्यासोबत विभाग: माहीम, दादर-नायगाव, परळ-शिवडी, लोअर परळ, माटुंगा, गिरगाव वगैरे. उपनगरात जो सी.टी.एस. क्रमांक असतो तो वेगळा. करारनाम्यात क्रमांक किंवा विभाग चुकला असेल तर पुढचा प्रत्येक शोध चुकीच्या भूखंडाचा होतो, आणि हे खरंच घडतं. मिळकत पत्रिका, मालमत्ता कराचं बिल आणि विक्रेत्याचा जुना करार, तिन्हींवरचा क्रमांक जुळवा.

पत्रिकेवर धारणाधिकार पाहा. जमीन मालकीची, की सरकारची, पालिकेची, पोर्ट प्राधिकरणाची भाडेपट्ट्याची? प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या सुधार विश्वस्त मंडळाने दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या आणि भूखंड दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिले. त्या जमिनी नंतर पालिकेकडे आल्या. पट्टा किती वर्षांचा, किती उरला, हस्तांतराला परवानगी आणि शुल्क किती, हे सोसायटीच्या कार्यालयातून लेखी घ्या. शिवडी, माझगाव, कुलाब्यात पोर्टच्या जमिनी आहेत. तिथे पट्टा संपलेला असेल तर नूतनीकरणाची थकबाकी सोसायटीवर, म्हणजे शेवटी सदस्यांवर येते.

मग वकिलाकडून ३० वर्षांचा शोध. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरचा ई-शोध तुम्ही स्वतःही करा, पण जुन्या वर्षांच्या नोंदींसाठी दुय्यम निबंधक कार्यालयातल्या वह्या पाहाव्याच लागतात. साखळीतला प्रत्येक करार मूळ प्रतीत आणि योग्य मुद्रांक भरलेला हवा. मधला एखादा करार कमी मुद्रांकाचा निघाला तर फरकावर दरमहा २ टक्के दंड चढतो. तो विक्रेत्याने भरायचा असं करारात लिहून घ्या.

विकास आराखड्याचे शेरे पालिकेच्या संकेतस्थळावरून काढा. रस्ता रुंदीकरणाची रेघ इमारतीच्या पुढच्या खोल्यांतून जाताना दिसते, ती याच कागदावर.

---

स्थापत्यकार

कागदांइतकंच प्रत्यक्ष इमारतीचं महत्त्व आहे.

१९४० पूर्वीच्या पुष्कळ चाळी सागवानी तुळया आणि लादीकोब्याच्या आहेत. तिथे संडास-मोरीखालच्या तुळया आधी कुजतात, कारण गळती वर्षानुवर्षं तिथेच मुरते. खालच्या घरात जाऊन, परवानगी घेऊन, मोरीखालचं छत पाहा. टेकू लावलेले असतील तर समजून घ्या. साठ-सत्तरच्या दशकातल्या काँक्रीटच्या इमारतींत समुद्राच्या खाऱ्या हवेने सळई गंजते, फुगते आणि आवरण फोडते. माहीम, शिवाजी पार्क, प्रभादेवीच्या किनाऱ्याकडच्या बाजूला हे जास्त. छज्जाखालचे लांब सरळ तडे म्हणजे आतली सळई. नुसता गिलावा करून रंग दिला असेल तर एक-दोन पावसाळ्यांत तडा परत उमटतो.

तीस वर्षांवरील इमारतीला संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. अहवालात वर्ग असतो: सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२ब म्हणजे लोक राहत असताना दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. सी-२ब वाचून घाबरू नका, पण दुरुस्तीचा अंदाजखर्च आणि सोसायटीने वर्गणी ठरवली आहे का ते विचारा. तो खर्च खरेदीनंतर तुमच्याच दारी येणार आहे. अहवाल दाखवायला सोसायटी टाळाटाळ करत असेल तर मी पुढे जाऊ नका म्हणेन.

पावसाळ्यात एकदा जा. हिंदमाता, परळचा सखल भाग, किंग्ज सर्कल इथे पाणी भरतं. पालिकेने हिंदमातासाठी जमिनीखाली साठवण टाक्या बांधल्या, तरी मोठी भरती आणि मुसळधार एकत्र आले तर तळमजल्याचं मीटरघर आणि उद्वाहनाचा खड्डा किती उंचीवर आहे ते महत्त्वाचं ठरतं. भिंतीवरची जुनी ओलीची रेघ बघा. पंपही चालू करून पाहायला सांगा.

---

चाफा_गिरगाव

पैशाचं पूर्ण गणित कोणी मांडेल का? किंमत २.५ कोटी धरून.

---

गच्चीवरचा

भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) असलेली जुनी सदनिका, करारमूल्य २,५०,००,०००, शीघ्रगणकाचा म्हणजे सरकारी रेडी रेकनरचा दर त्यापेक्षा कमी असं धरू.

मुद्रांक शुल्क ६ टक्के (त्यात १ टक्का मेट्रो अधिभार) म्हणजे १५,००,०००. नोंदणी शुल्क १ टक्का पण कमाल ३०,०००. खरेदीदार फक्त महिला असेल तर मुद्रांक ५ टक्के, म्हणजे अडीच लाखांची बचत. पतीचं नाव जोडलं की ही सवलत जाते.

७५ लाखांवरच्या कर्जाला बँक किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच देते: १,८७,५०,०००. मुद्रांक-नोंदणी त्यात धरत नाहीत. म्हणजे स्वतःचे ६२,५०,००० अधिक १५,३०,०००, एकूण ७७,८०,०००. दलाली १ टक्का आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी धरून २,९५,०००. झाले ८०,७५,०००. वकील, बँकेचं शुल्क, दुरुस्ती यांना वेगळे ठेवा. जुन्या इमारतीत बँकेचा मूल्यांकनकार किंमत कमी लावतो, मग कर्ज त्या कमी किमतीवर बसतं. म्हणून टोकनच्या आधी मूल्यांकन करून घ्या.

हेच घर बांधकाम चालू असलेलं असतं तर ५ टक्के जीएसटी, आणखी १२,५०,०००. भोगवटा प्रमाणपत्रानंतर घेतलं तर जीएसटी नाही.

५० लाख आणि त्यावरच्या किमतीला १ टक्का टीडीएस तुम्ही कापायचा, इथे २,५०,०००. तो किमतीतूनच जातो. ज्या महिन्यात कापला तो संपल्यापासून ३० दिवसांत भरायचा. दोन खरेदीदार आणि दोन विक्रेते असतील तर प्रत्येक जोडीचं वेगळं विवरण. विक्रेत्याचं पॅन आधारशी न जोडल्याने निष्क्रिय असेल तर कपात २० टक्क्यांवर जाते, आणि ते आधी तपासलं नाही तर फरकाची नोटीस खरेदीदाराला येते. विक्रेता अनिवासी असेल तर १ टक्क्याचा नियमच लागत नाही, सनदी लेखापाल गाठा.

शीघ्रगणकाचं मूल्य करारमूल्याच्या १० टक्क्यांहून जास्त वर असेल तर फरक खरेदीदाराचं उत्पन्न धरला जातो. लोअर परळमध्ये जुन्या, गळक्या घरांना हे लागू शकतं, तिथे दर-तक्ता टॉवरांच्या जोरावर वर गेला आहे.

---

पोटमाळा

नव्या टॉवरबद्दल थोडं. महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांच्या राज्य नियामक प्राधिकरणाच्या) पानावर फक्त नोंदणी क्रमांक पाहून थांबू नका. पूर्ण होण्याची तारीख कितीदा वाढवली, किती सदनिका विकल्या, कर्जाचा बोजा कोणाचा, दावे कोणते, सगळं तिथे असतं. नोंदलेल्या कराराशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त देऊ नका, कायद्याने ते घेताच येत नाहीत.

पुनर्विकासातल्या टॉवरमध्ये विक्रीच्या भागाचं भवितव्य पुनर्वसनाच्या भागाशी बांधलेलं असतं. जुन्या रहिवाशांची घरं तयार होऊन त्यांना ताबा मिळेपर्यंत विक्रीच्या भागाचं पूर्ण भोगवटा प्रमाणपत्र अडतं. रहिवाशांचं संक्रमणकाळातलं भाडं थकलं असेल तर ते न्यायालयात जातात आणि तुमचा ताबाही लांबतो. त्या इमारतीचे मूळ रहिवासी कुठे भाड्याने राहतात ते शोधून त्यांना एकच विचारा: भाडं वेळेवर येतं का? विकासकाची आर्थिक तब्येत याहून लवकर कुठल्याही ताळेबंदात दिसत नाही.

वाहनतळ यांत्रिक असेल तर करारात जागेचा क्रमांक, लांबी, रुंदी आणि उंची लिहून घ्या. उंच गाड्या खालच्या फळीत बसत नाहीत. देखभालखर्चाचाही अंदाज घ्या: दर चौ. फुटाला १५ रुपये धरले तर ७५० चौ. फुटांना महिना ११,२५०. आणि ५०० चौ. फुटांपर्यंतच्या घरांना पालिकेने मालमत्ता कर माफ केला आहे, त्याहून मोठ्याला तो भरावा लागतो.

---

चाफा_गिरगाव

फार उपयोगी. शेवटचं: टोकन किती आणि कशावर द्यावं?

---

इंडेक्स२

रक्कम लहान ठेवा, धनादेशाने द्या आणि एका पानाच्या लेखी अटींवर द्या. अटी अशा: मूळ साखळी-करार आणि भागपत्र (सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट) पाहायला मिळेल. शोध अहवाल निर्वेध नसेल, किंवा बँकेने कागदांच्या कारणावरून कर्ज नाकारलं, तर टोकन पूर्ण परत, आणि किती दिवसांत ते लिहा. सोसायटीची थकबाकी, दुरुस्तीची वर्गणी ताब्याच्या तारखेपर्यंत विक्रेत्याची. सोसायटी हस्तांतर-अधिमूल्य २५,००० हून जास्त मागू शकत नाही. "विकासनिधी" या नावाने मागितलेली रक्कमही त्यातच मोडते.

त्यानंतर वकिलामार्फत एका मराठी आणि एका इंग्रजी दैनिकात जाहीर नोटीस, हरकतींना १४ दिवस. हे १४ दिवस संपेपर्यंत करारावर सही नको. सही झाली की चार महिन्यांत नोंदणी. कर्ज घेतलं असेल तर गहाणाची सूचना ३० दिवसांत दुय्यम निबंधकाकडे दाखल करायची, बँक करते असं गृहीत धरू नका, पोचपावती मागा. वीज इथे बेस्टची, तिचं नाव बदलताना इंडेक्स दोनची प्रत लागते, चार जास्तीच्या काढून ठेवा.

नोटिशीत सी.एस. क्रमांक आणि विभाग छापून येण्याआधी स्वतः वाचा. आकडा चुकला तर नोटीस पुन्हा द्यावी लागते आणि १४ दिवस पुन्हा पहिल्यापासून.